मामींनी सांगितलेला आकडा

आमच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात मामी कुणाच्याच मामी नाहीत. तरी मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मामीच म्हणतात. बावीस वर्षं पत्रा कापायच्या प्रेस-मशीनवर काढली बाईने. कुणाचं बोट कापलं की औषधाची पेटी घेऊन मामी हजर, आणि पट्टी बांधून झाली की लगेच वहीत नोंद: तारीख, मशीन, कसं लागलं. कुणी सांगितलं नव्हतं. "त्याच मशीनवर तिसऱ्यांदा लागलं तर कळायला नको?" एवढंच त्यांचं म्हणणं.

जुन्या प्रेस शेवटच्या घटका मोजत होत्या. नव्या घ्यायला आठ वर्षांचं कर्ज हवं, आणि इथल्या बँका दोन वर्षांपलीकडे बघायला तयार नाहीत. मग मालकांनी एका परदेशी विकास बँकेकडे अर्ज केला. आमच्यासारख्या देशांतल्या खासगी कारखान्यांना लांब मुदतीचे पैसे देणं हेच तिचं काम. तिथल्या तपासनीस बाई येणार म्हटल्यावर मालकांच्या तोंडचं पाणीच पळालं. नाही जमलं तर कारखाना बंद, आम्ही साठ जण घरी.

मग काय, भिंती रंगवल्या. आम्हाला नवे हातमोजे दिले, लेबलासकट! आणि मामींना बजावलं, "ती वही आज बाहेर काढायची नाही."

बाई आल्या, आमच्याच भाषेत बोलल्या. प्रेसपाशी थांबून त्यांनी विचारलं, "पाच वर्षांत अपघात किती?"

"एकही नाही!" मालक छाती फुगवून म्हणाले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "पत्र्याच्या कारखान्यात एकही नाही? म्हणजे इथे कुणी मोजतच नाही. अशा ठिकाणी आम्ही पैसे घालत नाही."

तेवढ्यात मामी पुढे झाल्या. "एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "त्यातले सतरा तीन नंबरच्या प्रेसवर. हात आत जाऊ नये म्हणून लागते ती जाळीच तिला नाही." आणि कपाटातली वही काढून त्यांनी बाईंच्या हातात ठेवली.

बाई अर्धा तास वाचत बसल्या. मेलीने चेहऱ्यावर काही दिसू दिलं तर शपथ!

मालक आठवडाभर मामींशी बोलले नाहीत. मामींचा चेहरा एवढासा झाला. मला म्हणाल्या, "साठ घरांच्या पोटावर पाय दिला का गं मी?" मला रडूच फुटलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. कर्ज मंजूर! अटी पानभर होत्या. पहिलीच अशी: वही ठेवणाऱ्या बाईंनी तपासून होकार दिल्याशिवाय एकही प्रेस चालू करायची नाही.

नव्या प्रेस बसल्या त्या सकाळी मालक इस्त्रीचा शर्ट घालून बटण दाबायला आले. मामींनी वाकून पाहिलं. "दोन स्क्रू ढिले आहेत. थांबा."

मालक पंधरा मिनिटं हाताची घडी घालून उभे. आम्ही हसू दाबत होतो. शेवटी मामी पदराला हात पुसत मागे सरल्या. "हं, आता दाबा."

मालकांचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला.

"नको," ते म्हणाले. "तुम्हीच दाबा, मामी."