आपल्या विषयावर बोलू नये

माझ्या आत्याला सगळं विद्यापीठ मिक्सरबाई म्हणतं. तिला ते माहीत आहे आणि तिला ते आवडतंही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्यावर डोळे वटारायला नकोत. ती मुळात रसायनशास्त्राची. आयुष्यभर परीक्षानळ्यांशी संसार केला; दुसरा करायला वेळ मिळाला नाही असं ती म्हणते. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणतात की समोरच्याला बोलू दिलं असतं तर वेळही मिळाला असता. नाक मात्र असं तिखट, की मी घरात शिरून चपला काढायच्या आत ती सांगते, "कॅन्टीनमध्ये बसली होतीस. आणि तेल आज बदललेलं नव्हतं."

शिकायला मी तिच्याकडेच राहते. मी कायद्याची विद्यार्थिनी, त्यामुळे वाद घालणं हा माझा अभ्यास आणि तिचा छंद. आमच्या घरात शांतता फक्त दोघींपैकी एक आंघोळीला गेली की असते, आणि तेव्हासुद्धा दाराबाहेरून मुद्दे मांडले जातात.

मिक्सर हे नाव तिच्या वर्गामुळे पडलं, आणि वर्ग एका तळ्यामुळे सुरू झाला. विद्यापीठाच्या मागे एक तळं होतं. ते आटायला लागलं तेव्हा चार विभागांनी त्याचा अभ्यास केला. रसायनवाल्यांनी पाणी तपासलं, वनस्पतीवाल्यांनी शेवाळ, स्थापत्यवाल्यांनी बांध आणि अर्थशास्त्रवाल्यांनी आजूबाजूची दुकानं. चौघांनी चार जाडजूड अहवाल लिहिले, चौघांचं कौतुक झालं. एकमेकांचा अहवाल कुणी उघडूनही पाहिला नाही आणि तेवढ्यात तळं आटून गेलं. आता तिथे गाड्या लावतात. आत्या त्या रसायनवाल्यांतलीच. तेव्हापासून ती जो भेटेल त्याला धरून सांगत सुटली की सगळ्या शाखांच्या पोरांना एका खोलीत कोंडा, पाणी, उष्णता, कचरा असले प्रश्न त्यांच्यापुढे टाका आणि बाहेरून कडी लावा.

कडी सोडून बाकीचं मंजूर झालं, तेही एका वर्षापुरतं. जागा मिळाली ती सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून. वर्षाच्या शेवटी कुलगुरू समिती घेऊन येणार, काम बघणार. पसंत पडलं तर वर्ग कायमचा, नाही तर बंद. आणि बंद म्हणजे आत्या परत तळघरातल्या प्रयोगशाळेत, पहिल्या वर्षाच्या पोरांना क्षार ओळखायला शिकवायला. एरवी ही बाई कशालाच भीत नाही. पण एकदा भाजी चिरता चिरता मला म्हणाली, "तळघरात आता मी नाही गं जगणार." आणि मी, कायद्याची मी, मुद्दा न मांडता तिच्या हातातली सुरी घेऊन भाजी चिरायला लागले.

वर्गाचा नियम तिने पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला: आपल्या विषयावर बोलू नये. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जी शाखा येईल, वर्षभर या खोलीत तो त्या शाखेचा. "स्वतःचं घोडं पुढे दामटायची सवय मोडल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकू येत नाही," ती म्हणाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला स्थापत्य अभियांत्रिकी आली. खऱ्या स्थापत्यवाल्या मुलाला, ज्याला आम्ही स्लॅब म्हणायचो कारण तो तितकाच रुंद आणि तितकाच शांत होता, साहित्य आलं. वनस्पतिशास्त्राच्या मुलीला कायदा आला. ती कुठेही जाताना मांडीवर एक रोप घेऊन बसायची, म्हणून तिचं नाव कुंडी.

काय सांगू, नुसता धुमाकूळ. स्लॅब रोज वहीत कविता पाडायचा आणि घामाघूम व्हायचा. कुंडी कशालाही "आक्षेप!" म्हणून उठायची आणि आक्षेप कशाला ते आठवत नाही म्हणून खाली बसायची. मी मोजपट्टी गळ्यात अडकवून फिरायचे आणि भिंतींवर टकटक करून मान हलवायचे. आतमध्ये काय ऐकू यायला हवं हे मला आजही ठाऊक नाही. आणि आत्या रसायनाचा शब्द स्वतःच्या तोंडून जाऊ द्यायची नाही. नियम म्हणजे नियम, तिलाही. आम्ही इतके हसायचो की खालच्या मजल्यावरून गणितवाले तक्रार घेऊन यायचे आणि तासभर बसून जायचे.

वर्षाचं काम ठरलं ते असं. मजल्यावरच्या बेसिनमध्ये सगळे हात धुतात आणि ते पाणी गटारात जातं. ते वळवून गच्चीवर एका मोठ्या पिंपात घ्यायचं आणि पिंपातून बारीक नळ्यांनी लाकडी पेट्यांमधल्या झाडांना द्यायचं. झाडं वाढली की गच्ची गार, गच्ची गार की खालच्या मजल्यावरचे वर्ग गार, वर्ग गार की पंखे बंद. कागदावर इतकं देखणं दिसत होतं की आम्हीच आमच्या प्रेमात पडलो.

अभियंता मी, त्यामुळे बांधकाम माझ्याकडे. बेसिनचा जुना पाइप मी काढून टाकला आणि सगळं पाणी पिंपात सोडलं. सगळ्यात मोठी पेटी गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली, कारण तिथे सावली छान होती. तेव्हा स्लॅबने हात वर केला.

"मॅडम, पिंपाबद्दल थोडं बोलायचं होतं."

"तू कोण आहेस?" आत्याने विचारलं.

"साहित्य."

"मग साहित्यिकासारखं बोल."

स्लॅब विचारात पडला. "पाणी..." तो म्हणाला, आणि पुढे सुचेना. "उद्या लिहून आणतो," म्हणाला आणि खाली बसला. बिचारा पुढे कितीतरी दिवस ती कविता करत होता. मी चिडवलं की ओठ हलवत निघून जायचा. मला वाटलं, प्रेमात पडलाय.

समितीचा दिवस उजाडला. आत्याने ठेवणीतला कोट घातला, तोही उलटा, आणि फाटकापाशी आल्यावर मी तो सुलट करून दिला. सकाळपासून ती व्हरांड्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बेसिनकडे ढकलत होती. "हात धुवा, हात धुवा! तेवढंच झाडांना पाणी!" शिपाई हात धुऊन गेले, इतिहासवाले धुऊन गेले, गणितवाले दोनदा धुऊन गेले. समिती आल्यावर तिने कुलगुरूंनासुद्धा आधी बेसिनपाशी नेलं. ते तत्त्वज्ञानाचे, त्यामुळे सावकाश धुतात. त्यांच्यामागे समितीतले चौघे रांगेत. प्रत्येकाच्या हातावर आत्या स्वतः साबण ओतत होती, अगदी सढळ हाताने.

मग सगळे वर्गात बसले. गच्चीचं दार उघडं, झाडं वाऱ्यावर डोलतायत, आत्या समोर उभी. "हा वर्ग म्हणजे," ती म्हणाली, आणि तेवढ्यात कुलगुरूंनी पाय वर घेतले.

पाणी उंबऱ्यावरून आत येत होतं, कुठलीही घाई नसलेलं, आमंत्रण असल्यासारखं. पाहता पाहता पहिल्या रांगेखाली गेलं, मग दुसऱ्या. समितीतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक खुर्चीवर उभे राहिले. पंख्यापासून डोकं वाचवायला त्यांनी मान तिरकी केली आणि तशाच मानेने विचारलं, "हे कामाचाच भाग आहे का?"

आत्याचा चेहरा पांढराफटक. मला त्या क्षणी तळघर दिसत होतं, दुसरं काही नाही. मी गळ्यातली मोजपट्टी काढली. का काढली, देव जाणे. आणि मग मला स्लॅब दिसला. तो बाकावरून अर्धा उठला होता, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, आणि तोंड घट्ट मिटलेलं.

"अरे, तुला माहितीये का काही?" आत्या ओरडली.

"माहितीये, मॅडम."

"मग बोल की!"

"मॅडम, मी साहित्याचा आहे!" हे म्हणताना त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

आत्याने फळ्याकडे पाहिलं. तो नियम वर्षभर तिथे होता, रोज नव्याने गिरवलेला. तिने कोटाच्या बाहीनेच तो पुसला, सगळा, एका फटक्यात. "खड्ड्यात गेला नियम! ज्याचं जे आहे ते बोला!"

आणि फुटलं की हो धरण, पाण्याचं नाही, पोरांचं. "पिंपाला भरल्यावर बाहेर पडायला वाटच नाही!" स्लॅब गरजला. एवढा मोठा आवाज त्याच्यात आहे हे त्यालाही नवीन होतं. "आणि गच्चीचं पाणी जायच्या भोकावर ती मोठी पेटी ठेवलीय! ती हलवा!" सगळे गच्चीकडे धावले. कुलगुरू बूट हातात घेऊन धावले, मग बूट ठेवायला जागा दिसेना म्हणून ते खिडकीच्या गजांत अडकवून पेटीला भिडले. "असं ओढू नका, मुळं तुटतील!" कुंडी किंचाळली. "खालून हात घाला! आणि पानांच्या कडा करपल्यात, मला आठवडाभर दिसतायत, पण मी वकील होते!" मग माझ्याही तोंडाचा बांध फुटला. मी पेटीचा एक कोपरा धरून कुलगुरूंच्या कानाशी ओरडले, "सर, इमारतीचा पाइप परवानगीशिवाय काढता येत नाही! मला पक्कं माहीत होतं! पण मी अभियंता होते, आणि विचारत बसले असते तर काम झालं नसतं!" ते धापा टाकत म्हणाले, "नंतर, नंतर! आधी ढकला!"

पेटी सरकली. भोकाने एक मोठा घोट घेतला आणि पाणी ओसरायला लागलं. आम्ही सगळे चिंब, हसून हसून पोटं धरलेली. समितीतला एक जण तर भिंतीला टेकून नुसता हिंदकळत होता. हसत नव्हती ती फक्त आत्या. पिंपाखालच्या डबक्यापाशी ती उकिडवी बसली होती. डबक्यावर पांढरा फेस होता. तिने बोट बुडवलं आणि हुंगलं.

"साबण," ती म्हणाली. हळू म्हणाली, तरी सगळ्यांनी माना वळवल्या. "पानं त्यानेच करपली. या साबणाने माती खारावते, हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. पहिल्या दिवशी! आणि मी बोलले नाही, कारण तो माझा विषय." ती उठली आणि कुलगुरूंसमोर ओल्या हातांनी उभी राहिली. "तळ्याच्या वेळी आम्ही फक्त आपापलं बोललो. इथे मी सगळ्यांना आपापलं बोलूच दिलं नाही. सर, मी उलट्या बाजूने तीच चूक केली. काय ठरवायचं ते ठरवा."

वकील म्हणून सांगते, अशिलाने असं बोलू नये. पण मला तिचा इतका अभिमान वाटला की मी रडले, आणि पाण्यात कुणाला कळलंही नाही.

"आम्ही जरा बाहेर बोलतो," कुलगुरू म्हणाले. समिती व्हरांड्यात गेली, दार लोटलं. आम्ही आत बसलो. आत्या खडू फोडून त्याचे तुकडे करत होती. बाहेरचा आवाज आधी कुजबुज होता, मग वाढला, मग चढला. मग कुणीतरी भिंतीवर हात आपटला. मला राहवलं नाही. मी दार किलकिलं केलं आणि आत्याला खुणेने बोलावलं.

पाचही जण बेसिनपाशी उभे होते, अनवाणी, कपडे वर खोचलेले. अर्थशास्त्रवाले म्हणत होते की महाग साबण ठेवा, म्हणजे लोक कमी वापरतील. मानसशास्त्राच्या बाई म्हणत होत्या की महाग साबण लोक जास्त वापरतात, तुम्ही कधी माणसं पाहिली आहेत का? एक जण भिंतीवर ओल्या बोटाने पाइपाचं चित्र काढत होता, दुसरा ते पुसून आपलं काढत होता, आणि कुलगुरू दोघांच्या मध्ये घुसून म्हणत होते, "अहो, पण हात धुवायचे कशासाठी, हे आधी ठरवा ना!"

एवढ्यात त्यांना आम्ही दिसलो. "बाई," ते त्रासून म्हणाले, "वर्ग चालू राहील, ते केव्हाच ठरलं. दार लावा जरा, आमचं अजून संपलं नाही."

आत्याने दार लावलं. मग दाराला पाठ टेकून ती खाली ओल्या फरशीवर बसली, ठेवणीतल्या कोटासकट, आणि बाहेरचं भांडण कान देऊन ऐकत राहिली.