नळावरचं पोस्टर

इथं आखातात, अल मलाझ भागातल्या छापखान्यात डिझाइन करणारे हे गृहस्थ देवरुखकडचे. गिऱ्हाईकाने मजकूर दिला की ते तो तळहाताने थोडा थोडा झाकतात आणि विचारतात, "एवढं काढलं तर काही अडतंय का?" त्यांच्या टेबलामागे पन्नासच्या दशकातलं एक स्विस पोस्टर आहे. त्यावर फक्त एक मोठा बूट आणि एक शब्द.

आमच्या कंपनीच्या लेबर कॅम्पमध्ये बागेला पाणी घालायच्या नळाचं पाणी पिऊन माणसं आजारी पडली, तेव्हा मी चार भाषांतली सूचना छापायला नेली.

"साहेब, तिथं वाचता न येणारे किती?"

मला माहीत नव्हतं.

त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर एक काळा पेला काढून त्यावर लाल फुली मारली. अक्षर एकही नाही. ते पोस्टर लावल्यापासून त्या नळाला कुणी हात लावेना.

आठवड्याने मी खुशीत सांगायला गेलो.

"बरं झालं," काम न थांबवता ते म्हणाले. "मग आता ती माणसं पाणी कुठलं पितात?"

कॅम्पमध्ये पिण्याच्या पाण्याचा कूलर बसेपर्यंत मी छापखान्याच्या रस्त्याने जायचं टाळलं.