हिरीचा चोरून काढलेला चौक

हिरीच्या हातची रेघ कधी वाकली, असं कुणी म्हणून दाखवावं. टोकावड्याच्या वर डोंगराला चिकटून तिची तीस उंबऱ्यांची वाडी. तिथं लग्न निघालं की मांडवाच्या आधी हिरीला सांगावा जायचा. भिंत कावेनं लाल सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि मग हिरी बसली की बसली. चौकट, आत देवी, वर सूर्य-चंद्र, खाली नाचणारी माणसं आणि एका कडेला शिडी लावून ताडावर चढलेला एक आगाऊ गडी. तो म्हणजे तिचा नवरा पंढरी. दर लग्नात ती त्याला ताडावर चढवायचीच आणि बायका हसून हसून बेजार व्हायच्या. पंढरी बिचारा काय करतो, गालातल्या गालात हसत बसायचा.

पंढरी गेला आणि हिरीचा हात थांबला. भिंतीवरचा हा लग्नाचा चौक सवाशिणीनंच काढायचा, अशी वाडीची रीत. तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही. पुढच्या लग्नाला सांगावा आला नाही, एवढंच. तिचा धाकटा दीर कोंडू वाडीचा कारभारी, रीतीला एकदम पक्का. त्यानंच दुसरीला बोलावलं. त्या बाईच्या रेघांबद्दल न बोललेलं बरं. पावसात बाहेर आलेली गांडुळं तरी सरळ चालतात. हिरी मांडवाच्या मागच्या बाजूला बसून त्या रेघा बघायची आणि तिची बोटं पदराआड नुसती वळवळायची. अशी सात वर्षं गेली.

शेळ्या घेऊन ती डोंगरात जायची. माथ्याच्या खाली एक गुहा आहे. खडक आपल्याकडचा काळाच, पण छतातून पाणी पाझरून पाझरून भिंतीवर चुन्याचे पांढरे ओघळ आलेले. त्यांच्या मधल्या जागेत लाल रंगातली चित्रं: बैल, हातात हात धरलेली माणसं, एक भलंमोठं हरीण. कुणी काढली, कधी काढली, वाडीत कुणालाच ठाऊक नाही. आत शिरताना चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि आत असेपर्यंत खोटं बोलायचं नाही, एवढं मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक.

एके दिवशी हिरीला उजव्या कोपऱ्यात एक जागा दिसली. हातभर रुंद, सपाट आणि लालसर. कुणी कावेनं सारवून ठेवावी तशी. आता चौक काढणाऱ्या बाईला सारवलेली भिंत दिसली तर तिनं काय करावं? दुसऱ्या दिवशी तिनं पदराच्या गाठीत तांदळाचं पीठ नेलं. काडी चावली. पहिली रेघ ओढली, मग दुसरी. चौक पुरा झाला, पंढरी ताडावर चढला आणि ती त्याच्याकडे बघत पोटभर रडली.

पुढची चार वर्षं वाडीत लग्न झालं की हिरी गुहेत जाऊन त्या चौकावरून पुन्हा पीठ फिरवायची. कुणाला कळलं नाही.

आणि मग कल्याणच्या कॉलेजात शिकवणाऱ्या योगिनी मॅडम आल्या. टोकावड्याच्या धाब्यावर कुणीतरी त्यांना मोबाइलमध्ये गुहेतलं हरीण दाखवलं होतं. गुहेतल्या सगळ्या भिंतींचे फोटो काढायचे म्हणून त्या कोंडूकडे आल्या, आणि कोंडूनं हिरीला सांगितलं की वाट तुलाच ठावी, उद्या तू पुढे हो, मीही येतो. हिरीनं गुडघ्याचं निमित्त काढलं. कालच शेळीमागे कडा चढून गेलेला गुडघा तो, कोंडू काय ऐकतो!

कोंडूला चौक दिसला तर झालंच. रांडाव बाईनं चौक काढला, तोही चोरून, तोही गुहेत. आज मांडवाच्या मागे तरी बसायला मिळतं, उद्या तेही नाही. संध्याकाळ व्हायच्या आत ती ओलं फडकं घेऊन एकटीच वर गेली. एक पुसणी मारली की काम झालं असतं. पण फडकं आधी कुठून लावायचं? पंढरीच्या पायाकडून की डोक्याकडून? तिच्यानं होईना. फडकं पिळून खांद्यावर टाकलं आणि ती तशीच खाली आली.

दुसऱ्या दिवशी तिघं गुहेत शिरली. तिघांनी तांदूळ टाकले. योगिनीनं दिवे मांडले आणि प्रत्येक चित्राजवळ मोजपट्टी धरून एकेक फोटो घ्यायला सुरुवात केली. बैल झाला, हरीण झालं. सरकत सरकत ती उजव्या कोपऱ्यात आली आणि दिव्याच्या उजेडात पांढरा चौक लख्ख दिसला.

कोंडू जवळ गेला. त्यानं ताडावरचा गडी बघितला आणि तो तिथंच उभा राहिला. भावाला कोण ओळखत नाही?

हे पांढरं कधीचं, असं योगिनीनं विचारलं. कोंडूनं वहिनीकडे एकदा बघितलं आणि तोंड उघडलं.

"जुनंच..."

"मी काढलंय," हिरी मध्येच म्हणाली. "भावजी, हितं नका खोटं बोलू. मी काढलंय, मॅडम. चार वर्षं झाली."

योगिनी रागावली नाही. तिनं तिथंच फोटो सोबतच्या लॅपटॉपवर घेतला आणि रंग गडद करत नेले, तशा त्या चौकाखालून लाल रेघा वर येऊ लागल्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या तीन बायका तिथं उभ्या होत्या. एकीच्या कडेवर मूल होतं. हिरीला जी सारवलेली भिंत वाटली होती, ती ह्या तिघींची फिकट झालेली अंगं होती.

हिरीनं चेहरा भिंतीजवळ नेला. आपण पकडलो गेलो, ह्याचं तिला काहीच वाटलं नाही. "मला वाटलं नुसती काव हाय. मी त्यांच्या अंगावरच काढलं गो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आणते फडकं, आत्ता पुसते, म्हणून ती निघाली, तशी योगिनीनं तिचा हात धरला. ओलं फडकं लागलं असतं तर पिठाबरोबर त्या बायकाही गेल्या असत्या, असं तिनं समजावून सांगितलं. आता आहे ते तसंच राहू द्यायचं. फक्त पुन्हा इथं काढायचं नाही.

हिरीनं मान हलवली. योगिनीनं वहीत हिरीचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, लग्नाचा चौक. फोटो काढून होईपर्यंत कोंडू त्या ताडासमोरून हलला नाही.

उतरताना हिरी मनात म्हणत होती की ही एक भिंत होती, तीही गेली. योगिनी पुढे निघून गेल्यावर कोंडू एका दगडावर बसला. बराच वेळ त्यानं पायातला नसलेला काटा काढला.

"दिपिकाचं लगीन वैशाखात हाय," तो म्हणाला. दिपिका त्याची नात. "भिंत मी सारवून ठेवतो. तू ये."

"आन् रीत, भावजी?"

"गुहेत खोटं बोलायला तोंड उघडलं व्हतं मी. तिथली रीत मीच मोडली. आता तुला कंच्या तोंडानं सांगू?"

वैशाखात हिरी त्याच्या घरी भिंतीसमोर बसली. दोघी-तिघी म्हाताऱ्या कुजबुजल्या. कोंडूनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. चौक उभा राहिला. एका कोपऱ्यात तीन बायका आल्या, एकीच्या कडेवर पोर. त्या कोण, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ताडावर पंढरी चढला आणि अकरा वर्षांनी बायका हसल्या.

पण ह्या खेपेला शिडीखाली एक गडी जास्तीचा होता. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून तो उभा होता. कोंडूनं तो बघितला, आणि पाहुण्यांना पाणी दिलं का म्हणत घाईघाईनं मांडवाबाहेर निघून गेला.