अडतीस फुटांची रुखवताची पाटी

बोंडअळीच्या वर्षातला डिसेंबर, शनिवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. रक्कम रुपये एक्केचाळीस हजार सहाशे पन्नास. स्थळ आर्णी, आमचं जेवणाचं टेबल. हजर: मी, पत्नी सुनंदा, तिचा धाकटा भाऊ विलास, आमची मुलगी प्रिया (वधू, लग्न उद्या) आणि ती मशीन, जिच्यापायी वरची रक्कम गेली होती.

मी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मुनीम. त्या वर्षी बोंडं अळीनं खाल्ली आणि जिनिंगला काही उरलं नाही. मात्र सल्ल्यांचं पीक भरघोस आलं. नागपूरहून साहेब यायचे आणि जोडधंदा सांगून जायचे. शेळ्या पाळा, मधमाश्या पाळा, मशरूम लावा! एका महिन्यात आमच्या फाटकासमोर साहेबांच्या गाड्या कापसाच्या गाड्यांपेक्षा जास्त थांबल्या. (मी मोजल्या. दुसरं काम नव्हतं.)

विलासचं पांढरकवड्याला मोबाइलचं दुकान. तो म्हणाला, "भाऊजी, शेळीले चारा लागते, पानी लागते. मशीनले निस्ती लाइन लागते."

"लाइन कुठं असते रे? वीज तर सारखी जाते."

"असते तवा चालवू ना!"

अशी ती मशीन खोक्यातून सुट्या भागांत आली. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं. मशीनचं फिरतं पातं तेच लाकडात कोरतं. आम्ही ती तीन संध्याकाळ खपून जोडली. चार स्क्रू उरले. विलास म्हणाला, कंपनी जास्तीचेच देते.

इथवर नुकसान फक्त पैशाचं होतं. अब्रूचं मी स्वतः केलं. आमचे व्याही राजूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, उभा जन्म मोजणीत गेलेला. साखरपुड्यात त्यांच्यासमोर मी म्हणालो, "रुखवतात विकतचं काही नसेल. वधूवरांच्या नावांची पाटी घरी करणार, कॉम्प्युटरवर कोरलेली!"

"किती बाय किती?" व्याह्यांनी विचारलं.

"अठरा इंच बाय बारा."

त्यांनी खिशातली डायरी काढून ते लिहून घेतलं. संपलं! आता पाटी झाली नाही तर पोरीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

तर शनिवारी फळी टेबलावर आवळून बसवली, मशीनची चौकट तिच्यावर ठेवली. (टेबल सागवानी, सुनंदाच्या माहेरचं.) विलासनं बटण दाबलं. पातं खाली आलं, फळीच्या कोपऱ्यात जरासं थरथरलं आणि वर गेलं. काम तमाम! आम्ही वाकून पाहिलं. अंगठ्याच्या नखाएवढा एक ओरखडा.

"नावं कुठं आहेत?" मी विचारलं.

विलासनं भिंग लावलं. "असतीन इथंच कुठं."

शेवटी मेहंदीचे हात वर धरून प्रिया जवळ आली. तिनं पडद्यावर एक नजर टाकली. "बाबा, सॉफ्टवेअर इंचात आकडा लिहितं आणि मशीन तो मिलिमीटर समजून वाचते. अठरा इंचाचे अठरा मिलिमीटर झाले. एक तर इकडं सुधारा, नाही तर तिकडं. कुठं तरी एकाच ठिकाणी, हं!" एवढं बोलून ती मेहंदी वाळवायला गेली. ते शेवटचं वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलं. पण प्रत्येकाला वाटलं, ते दुसऱ्याला उद्देशून आहे.

विलास पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात मी सॉफ्टवेअरमध्ये सगळं चित्र पंचवीस पूर्णांक चार पट केलं. कॅल्क्युलेटरवर तीनदा ताडून पाहिलं. कोरण्याच्या खोलीचा आकडासुद्धा गुणायला विसरलो नाही! मग मी हात धुवायला गेलो. परत येऊन खुर्चीत बसलो, विलासकडे पाहून हसलो. तोही माझ्याकडे पाहून हसला. ते हसू मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

बटण दाबलं. पातं फळीत शिरलं. शिरतच राहिलं. फळीचा भुसा पांढुरका असतो. थोड्या वेळानं तपकिरी भुसा यायला लागला.

"अहो, हा भुसा कायचा होय?" सुनंदानं विचारलं.

"सागाचा," मी म्हणालो. माहिती बरोबर होती.

"माह्या बापानं देल्लेला टेबल!"

तोवर मशीन आडवी निघाली. चौकटीच्या टोकाला धडकली, तरी थांबेना. कट कट कट कट! तिला अजून बरंच पुढं जायचं होतं. सगळी चौकटच टेबलावरून चालू लागली. विलासनं तिला मिठी मारली, मी वायर ओढली. कटकट थांबली.

"मी तर आकडे सगळे गुणले होते," मी म्हणालो.

विलासनं मशीनची मिठी सोडली. "कायले गुणले? म्या मशीनले इंचावर करून ठेवलं होतं ना!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"जवायाची चूक कशी काढू जी? तुमी काहून नाही सांगतलं?"

"लग्नघरात मेहुण्याचा पाणउतारा कसा करू?"

सुनंदा टेबलाच्या भोकात बोट घालून उभी होती. "दोघायनं एकमेकाचा मान ठेवला. टेबलाचा कोनी नाही ठेवला!"

मी कागदावर हिशेब मांडला. मशीन अडवली नसती तर पाटी अडतीस फूट एक इंच झाली असती. म्हणजे हॉलमधून निघून, रस्ता ओलांडून, समोरच्या पिठाच्या गिरणीत पुरी झाली असती.

मग मुकाट्यानं सुतारकाम करणाऱ्या दौलत मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मशीन पाहिली, भोक पाहिलं, मला पाहिलं. "मुनीमजी, चित्र कागदावर निंगते का?" गुणाकार पुसून काढला तर निघालं, बरोब्बर अठरा इंच. त्यानं नवी फळी घेतली. मी कागद ताणून धरला, तो पटाशीनं कोरत गेला. दिवेलागणीला पाटी तयार!

दुसऱ्या दिवशी रुखवतापाशी व्याह्यांनी खिशातून टेप काढला. अठरा. बारा. अक्षरांवरून बोट फिरवलं. "वा! माणसाच्या हाताचं काम लगेच ओळखू येतं. ही सफाई मशीनचीच! आमच्या भावांसाठी आणखी दोन द्या करून."

प्रिया माझ्याकडे पाहत होती. मी अक्षतांचं ताट नीट करत होतो.

पाटीचे नऊशे आणि टेबलाच्या ठिगळाचे सहाशे मी मिस्त्रीला दिले. व्याह्यांच्या दोन पाट्याही त्यानंच कोरल्या, कागद मीच धरला. काम संपल्यावर त्यानं उलट माझ्याच हातावर पन्नासच्या दोन नोटा ठेवल्या.

"घ्या मुनीमजी, कागद धरल्याची मजुरी. काही म्हना, घंटाघंटाभर हालत नाही तुमी. एकदम मशीनवानी!"