तीन इंचांची व्हर्ना

एप्रिल उजाडला की ओहायोतल्या आमच्या गावात माणसं दोनच गोष्टींवरून भांडतात: कुणाचं गवत कुणाच्या कुंपणात शिरलं, आणि फुलझाडांच्या वाफ्यात मल्च काळं घालायचं की तांबडं. मल्च म्हणजे काय, तर लाकडाच्या सालीचा जाडाभरडा चुरा. तण दबतं, ओल टिकते आणि शेजारी जळतो. पण तो किती घालायचा यावरून मात्र कुणी भांडत नव्हतं. ते व्हर्ना कूल्मनला विचारायचं, ती सांगेल तेवढं न्यायचं, विषय संपला.

गावाबाहेर ड्वाइटची माती-खडीची वखार आहे. तिच्या तोंडाशी एक लाकडी खोपटं, आणि त्यात एकतीस वर्षं ही व्हर्ना. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. गाडी येऊन थांबायच्या आत विचारणार, "लांबी?"

"अठरा फूट."

"रुंदी?"

"पंधरा. म्हणजे साधारण..."

"साधारण घरी. पंधरा ना? अडीच यार्ड. घे गाडी मागे!"

यार्ड म्हणजे तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच असा एक ढीग. तीन इंच जाडीने पसरला तर एकशेआठ चौरस फूट झाकतो. हा एकशेआठचा जप व्हर्नाच्या डोक्यात अखंड चालू असायचा. कागद नाही, पेन्सिल नाही, एक डोळा मिटला की उत्तर तयार.

तिला न विचारता हिशेब करायला गेले ते आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर, लेनहार्ट. "अहो, मी गणित शिकवतो," म्हणाले, आणि सत्तावीसने भागायचं तिथे नऊने भागून मोकळे झाले. हवं होतं पाच यार्ड, शनिवारी दुपारी दारात पडलं पंधरा. तेही बरोबर दोन्ही मोटारींच्या मागे! रविवारी नवराबायको ठेवणीतले कपडे घालून, गवत कापायच्या ट्रॅक्टरवर बसून चर्चला आली. तेव्हापासून व्हर्नाचा शब्द म्हणजे आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ.

आणि बाईला त्याचा तोरा होता हो! का नसावा? डॉक्टर चुकतात, हवामानवाले तर रोजच चुकतात, व्हर्ना चुकत नाही.

गेल्या वर्षी मेच्या सुरुवातीला तिला मॅक्सिनचा फोन आला. मॅक्सिन स्टॅडलर ही तिची लहानपणापासूनची मैत्रीण. कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून ती खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेली असते. खिडकीबाहेर तिनेच लावलेलं रानसफरचंदाचं झाड. दर वसंतात त्याला इतकी गुलाबी फुलं लागायची की पान दिसायचं नाही. खुर्चीतून उठवत नसलेल्या बाईला दुसरं बघायला होतं काय?

"व्हर्ना, माझं झाड मरतंय," मॅक्सिन म्हणाली. "सगळ्या गल्लीतली फुललीत, याला फूल नाही. पानंसुद्धा पिवळी. ऑर्व्हिलला विचारलं तर म्हणतो, पाणी कमी पडलं असेल. तू येऊन जा बघू."

व्हर्ना गेली. मॅक्सिनचा नवरा ऑर्व्हिल झाडापाशीच उभा होता, नुकतं मल्च पसरून, हात झटकत. वाफा कसा, तर दाढी केल्यासारखा गुळगुळीत. आणि झाडाच्या बुंध्याभोवती हौसेने रचलेलं हे एवढं वारूळ! आमच्याकडे घरोघरी असंच रचतात. ज्याचा ढीग उंच त्याची बाग टापटीप, अशी आमची अक्कल.

"सत्तावीस बाय बारा," ऑर्व्हिल अभिमानाने म्हणाला. "तीन यार्ड. तू सांगितलेलं. दरवर्षी न चुकता घालतो, एक मूठ कमी नाही की जास्त नाही."

"दरवर्षी?" व्हर्नाने विचारलं.

"दहा वर्षं झाली."

तिथे एक लांब पेचकस पडला होता. व्हर्नाने तो उचलला आणि बुंध्यालगत खुपसला. तो दांड्यापर्यंत आत गेला, तरी माती लागेना. दर साली तीन इंच. त्यातलं कुजणार इंच-दीड इंच. बाकीचं जाईल कुठे? साठत गेलं.

एकतीस वर्षं तिने लांबी विचारली, रुंदी विचारली. "बाबा रे, खाली आधीच किती आहे?" हे एकदाही विचारलं नाही. एवढं साधं वजाबाकीचं काम!

ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी तो ढीग ओढायला लागली.

"अगं, काय करतेस? आत्ता तर घातलंय!" ऑर्व्हिल ओरडला.

"गप्प बस आणि खोरं आण."

फूटभर खाली बुंध्याचा तळ सापडला. साल काळी पडलेली, हात लावला की सुटून येत होती. त्या ओल्या ढिगातच मुळं फुटून बुंध्याभोवती गुंडाळली गेली होती, गळ्याला फास बसावा तशी. खिडकीतून मॅक्सिन बघत होती.

"ऑर्व्हिल, हे मी केलं," व्हर्ना म्हणाली. "तुला सांगायला हवं होतं, जुनं आहे तर वर इंचभर पुरे. आणि बुंध्याला तर टेकवायचंच नाही."

ऑर्व्हिलने खोऱ्यावर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "चर्चमध्ये तिघांनी सांगितलं होतं मला, इतकं घालू नकोस म्हणून. मी म्हटलं, व्हर्नाने सांगितलंय."

तो रागावला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तरी तिला परवडलं असतं.

शनिवारी वखारीत ही रांग लागलेली. पहिलीच बाई म्हणाली, "वीस बाय नऊ."

"गेल्या वर्षीचं किती शिल्लक आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे घरी जा, पट्टी खुपसून बघ. तीन इंच भरलं तर काही घेऊ नकोस."

तिसरी गाडी रिकामी परतली तेव्हा ड्वाइट धावत आला. "व्हर्ना, तू दुकान चालवतेस की बंद करतेस?"

"स्टॅडलरांचं झाड मारलंय मी!" ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली. "आता हिचं मारू? तुझ्या आईच्या अंगणातलं मारू?"

ड्वाइटच्या आईच्या अंगणात दोन मॅपल आहेत, आणि दोन्हींना कमरेएवढं वारूळ. ड्वाइट आल्या पावली आत गेला. त्या उन्हाळ्यात व्हर्ना पेचकस घेऊन दारोदार हिंडली, लोकांचे वाफे टोचत. म्हातारीला चळ लागला, असं निम्मं गाव म्हणालं. उरलेल्या निम्म्याने ढीग उपसले.

मॅक्सिनशी मात्र ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. दर गुरुवारी जायची, खिडकीकडे पाठ करून बसायची, हवापाण्याच्या गप्पा मारून परतायची. चूक गावाला ओरडून सांगितली, पण ज्या माणसाला सांगायची त्याच्यासमोर तोंड उघडेना.

यंदा एप्रिल संपता संपता ती त्या गल्लीत वळली आणि थबकली. झाड फुललं होतं, पण निम्मंच. रस्त्याकडच्या फांद्या गुलाबी झालेल्या. खिडकीकडची बाजू वाळलेली काटकी.

आणि रस्त्याच्या कडेला खुर्ची मांडून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन मॅक्सिन बसली होती. ऑर्व्हिलने तिला धरधरून बाहेर आणलं होतं. वर्षभराने बाई घराच्या पायऱ्या उतरली होती.

व्हर्ना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोळे भरून आले होते. "मॅक्सिन, चुकलं गं माझं."

"चुकलंच," मॅक्सिन म्हणाली. "आता सरक बाजूला, मला फुलं दिसू देत."