मॅडम फरशीवर बसल्या तेव्हा

मी मुख्याध्यापिका असताना शाळेला पहिला संगणक मिळाला, आणि मी शहाणीने त्याला हळदकुंकू वाहून, वर क्रोशाचा रुमाल पांघरून खोलीत कोंडून ठेवलं. किल्ली माझ्या कमरेला. "मुलं बिघडवतील," असं सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मलाच तो सुरू करता येत नव्हता, आणि ते कुणाला कळलं असतं तर मी मेलेच असते! दोन वर्षांनी दार उघडलं, तर आत उंदरांनी संसार थाटलेला.

परवा त्याच शाळेत गेले. सातवीतली एक मुलगी संगणकाचं खोकं उघडून रंगाच्या ब्रशने आतली धूळ झटकत होती. शेजारी फरशीवर मांडी घालून बसलेल्या आत्ताच्या मुख्याध्यापिका तिला विचारत होत्या, "हे काय असतं गं?" तेही सगळ्या वर्गादेखत! मी दारातच थबकले. जन्मभर शिकवलं, पण "मला येत नाही" एवढे तीन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत. या बाईंना ते लपवावंसंही वाटत नव्हतं, आणि पोरं त्यांना अगदी खेटून बसली होती.

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आजी, तुम्हालापण येत नाही ना? मग उभ्या कशाला? बसा की खाली, मॅडम सरकतील."