राजाभाऊंच्या अक्षरातला पत्ता

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, द्वारका, दिल्ली. हवा कालच्याहून वाईट, खिडक्या बंद. पाणी सव्वासहाला आलं. अपूर्वा सातपासून लॅपटॉपवर. तिचा चहा दोनदा गार झाला.

एवढं लिहून अरुणाताईंनी पेनाला टोपण लावलं. डायरी त्या रोज दोनदा लिहीत, जेवणाआधी आणि दिवे लागल्यावर. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त अशी, की चुकलं तर पान फाडायचं नाही, एकच रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. सत्तर वर्षं त्यांनी ती पाळली होती.

आज मात्र लिहिण्यात जीव नव्हता. सून अपूर्वा नोएडाच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायची. तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नाव आणि एक आकडी पत्ता असतो, आणि पत्ता बदलला की नावासमोर नवा आपोआप लिहिला जातो, हे अरुणाताईंना आठवडाभरात पाठ झालं होतं. गेल्या शनिवारी अपूर्वाने पत्ते वाटणारा सर्व्हर बदलला, आणि तेव्हापासून कित्येक नावांसमोर जुनेच पत्ते राहिले. ती मदतीला म्हणून आपल्या लॅपटॉपवरून अकाउंट्सच्या बाईंचा कॉम्प्युटर उघडी, तर समोर स्टोअरमधल्या माणसाची स्क्रीन. जुना सर्व्हर भंगारात गेलेला. तिच्या साहेबांनी, राघव सरांनी, शुक्रवारी शांतपणे सांगितलं होतं, सोमवारी सगळं चाललं नाही तर तिला नोकरीत कायम करण्याचा विचार पुन्हा करावा लागेल.

सासऱ्यांच्या, राजाभाऊंच्या, शेवटच्या आजारपणात अपूर्वाने आधीची नोकरी सोडली होती. त्यानंतर दुसरी मिळायला तीन वर्षं लागली. हे ती कधी बोलून दाखवत नसे, म्हणून अरुणाताईंना जास्तच लागत असे.

दोन वाजले तरी ती उठेना. शेवटी अरुणाताईंनी भाजणीचं पार्सल तिच्यापुढे ठेवलं.

"प्रभावन्संचा पत्ता घाल गं यावर. माझा चष्मा सापडत नाही."

"तुमच्या गळ्यात आहे, आई."

पण तिने घरातली पत्त्यांची वही ओढली आणि पानिपतचा पत्ता उतरवायला घेतला.

"तो नको. त्या घर बदलून गेल्या, तीन वर्षं झाली. नवा माझ्या डायरीत आहे."

"मग हा खोडला का नाहीत? तुम्ही तर माझा स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त करता."

"माझा असता तर खोडला असता. तो यांनी लिहिलाय."

अपूर्वाचं पेन थांबलं. ती वहीतल्या त्या ठसठशीत अक्षराकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, नवे कॉम्प्युटर बरोबर आहेत, अडलेत ते फक्त जुने. तिने एक जुनी नोंद उघडली आणि ती कोणाच्या नावावर आहे ते पाहिलं. जुन्या सर्व्हरच्या.

"ज्याने लिहिलं त्यालाच बदलता येतं," ती म्हणाली, "आणि तो तर आता नाही."

बोलल्यावर तिने जीभ चावली. अरुणाताईंनी मान हलवून तिला कामाकडे वळवलं.

रिसेप्शनचा कॉम्प्युटर रविवारीही चालू असायचा. अपूर्वाने त्याची जुनी नोंद काढली आणि त्याला पत्ता पुन्हा मागायला लावला. मिनिट गेलं. काहीच नाही. दुसरं मिनिट. मग नावासमोर आकडे उमटले, आणि अपूर्वाने ते तीनदा ताडून पाहिले.

"बरोबर आहे?"

"हा बरोबर आहे. अजून त्रेचाळीस आहेत. बरेचसे बंद आहेत, उद्या लोक येऊन चालू करतील तेव्हाच कळेल."

तिने राघव सरांना फोन केला. ते म्हणाले, ठीक आहे, सुबह देखते हैं. एवढंच. ती अर्धं जेवून उठली. सकाळी साडेसहाची मेट्रो गाठायची म्हणाली.

दिवे लागल्यावर अरुणाताईंनी आधी पत्त्यांची वही घेतली, पट्टी शोधली, आणि मग डायरी उघडली.

अपूर्वाचा डबा उद्या पावणेसहाला. प्रभावन्संचा जुना पत्ता एका रेघेने खोडला, नवा शेजारी लिहिला. भाजणी दोन किलो, पार्सल बांधून दाराशी ठेवलं.